झाकणाआडची काळी भुकटी

आमच्या वहिनीला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाहीये. घर चालवायला थोडं खोटं लागतं, आमटीला मीठ लागावं तसं, आणि वहिनीकडे ते चिमूटभरही नव्हतं. लग्न होऊन ती घरात आली त्याच आठवड्यात आईने मी शिवलेला सदरा तिच्यापुढे धरला आणि कसा झालाय म्हणून विचारलं. वहिनी म्हणाली, डावी बाही बोटभर आखूड आहे. बाही आखूड होतीच. पण मी शिंपी माणूस, दुकान नुकतंच टाकलेलं, आणि सदऱ्याचं गिऱ्हाईक समोरच बसलेलं.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, तेव्हा पोट धरून हसला होता. तो तिच्या या स्वभावावर खूश असे. म्हणायचा, घरात एक माणूस तरी असं हवं की त्याचा शब्द पुन्हा तपासायला लागू नये. पुढे याच वाक्याने त्याचा घात केला, म्हणून ते इथे सांगून ठेवतो.

दोघंही एकाच कारखान्यात. दादा भट्टीवर, वहिनी तपासणीच्या खोलीत. तिला कारखान्यात सगळे 'तराजू' म्हणत. तिच्यासमोर म्हणत नसत, पण तिला ते ठाऊक होतं आणि मला वाटतं मनातून आवडतही होतं. दादाला सगळे भट्टीमास्तर म्हणत, आणि ते मात्र तोंडावर.

कारखाना उत्प्रेरक बनवायचा. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा पदार्थ. दोघांची गाठ घालून देतो आणि स्वतः होता तसाच राहतो. अ‍ॅल्युमिनाच्या पांढऱ्या बारीक गोळ्यांना व्हॅनेडियमचं पाणी पाजायचं, त्या वाळवायच्या आणि भट्टीत भाजायच्या. भाजल्यावर गोळीच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ पिवळा थर बसतो. सगळी किंमत त्या थराची. मोठे कारखाने या गोळ्या नळ्यांत भरतात आणि त्यांच्यावरून तापलेला वायू सोडतात. वायू त्या थरातला प्राणवायू उसना घेतो आणि बदलून पुढे जातो, थराचं उसनं नंतर हवा फेडते. हे मला दादानेच समजावलं होतं. त्याला शिकवायची हौस होती.

भट्टीजवळ दादाला पाहिलं की वाटायचं, हा माणूस जन्मला तोच या कामासाठी. भट्टीच्या दाराला एक लहान झरोका होता. काटा काय दाखवतो ते बघून झालं की तो त्या झरोक्याला डोळा लावून आतला रंग बघायचा. काटा आणि डोळा यांचं जुळलं की मान हलवायचा, नाही जुळलं तर काटा दुरुस्तीला पाठवायचा. असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा काटाच बिघडलेला निघाला. भट्टीला घाई केली की ती रुसते, हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणून त्याने मालकांची परवानगी घेऊन भाजणीची जुनी रीत बदलली. भट्टी पूर्वीपेक्षा खूप सावकाश चढवायला लागला. थर त्यामुळे जास्त पातळ आणि सारखा बसतो, असं त्याचं म्हणणं.

नव्या भाजणीचे लॉट बाहेर पडले आणि थोड्याच दिवसांत एका मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार आली की गोळ्या पूर्वीसारख्या चालत नाहीत. नवी भाजणी आणि नवी तक्रार एकाच वेळी आली म्हटल्यावर बोट कुठे जाणार ते उघड होतं. मालकांनी तपासणीच्या खोलीला विचारलं. तपासणीची खोली म्हणजे वहिनी.

तिच्याकडे रामन यंत्र होतं. भुकटीवर हिरव्या लेसरचा किरण सोडायचा. जाईल तसाच बहुतेक प्रकाश परत येतो, पण त्यातला अगदी थोडा आतल्या अणूंच्या थरथरीशी देवघेव करून, किंचित रंग बदलून येतो. प्रत्येक पदार्थाची थरथर वेगळी, म्हणून त्याचा बदललेला रंगही वेगळा. पडद्यावर त्याचं शिखर उमटतं, आणि शिखर जेवढं उंच तेवढा तो पदार्थ जास्त, असा ठोकताळा. वहिनी गोळ्यांची भुकटी एका छोट्या कुपीत भरायची, कुपी तापवायची, तिच्यातून गिऱ्हाईक वापरतं तोच वायू सोडायची आणि शिखरावर नजर ठेवायची. हे सगळं एका काळ्या पेटीत, झाकण बंद करून. झाकण उघडलं की लेसर आपोआप विझायचा, कारण त्या किरणाला डोळा दाखवायचा नसतो.

जुन्या भाजणीच्या भुकटीचं शिखर वायूत थोडं उतरलं. दादाच्या भाजणीचं शिखर अर्ध्याच्याही खाली आलं. वहिनीने ते पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग बैठक भरली. दादा दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. वहिनी उभी राहिली आणि एक घाव दोन तुकडे करावे तशी बोलली, की नव्या भाजणीतलं ऑक्साइड टिकत नाही, वायू लागला की अर्ध्याहून जास्त निघून जातं. मालकांनी विचारलं, काही शंका? ती म्हणाली, नाही.

दादाला भट्टीवरून काढलं आणि गोदामात घातलं. पोती मोजायची, पोती उचलवायची. पगार तोच राहिला, पण त्याला मास्तर म्हणणं लोकांनी सोडून दिलं. कारखान्यात वहिनीची वाहवा झाली. बघा, म्हणे, नवऱ्यालाही सोडलं नाही. ती वाहवा ऐकून माझं डोकं फिरायचं. मी तिला तोंडावर म्हणालो, की तपासणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची होती. ती म्हणाली, नवरा आहे म्हणून दुसऱ्याला बोलवायचं, म्हणजे इतरांचे लॉट मी कसे तपासते? उत्तर नसलं की राग जास्त येतो, तसा आला. आई म्हणाली, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, तू आणखी एक वासा होऊ नकोस. मी दुकानात निघून गेलो. राग काही गेला नाही.

दादा मात्र तिच्यावर एकदाही आवाज चढवून बोलला नाही. त्याचं वेगळंच काहीतरी सुरू झालं. स्वयंपाकघरातला गॅस त्याने बंद केला की तो बाहेर येऊन बसायचा, आणि मग म्हणायचा, "अगं, बघ जरा, बंद केलाय का मी नीट." वहिनी उठून बघून यायची. बंदच असायचा. दूध तापलं की नाही हेही तो दुसऱ्याला विचारू लागला. ज्या माणसाने झरोक्यातून आगीचा रंग ओळखला, तो पातेल्यावरची वाफ बघून खात्री देईना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, हा तर पाणीही फुंकून प्यायला लागला. मुलांना सायकलची साखळी बसवून देणं सोडलं. माझ्या दुकानातली इस्त्री बिघडली तेव्हा मी त्याच्याकडे नेली, तर म्हणाला, एखाद्या जाणकाराला दाखव. मी समजलो, बायकोवरचा राग असा आडून काढतोय. वहिनीचीही तीच समजूत. ती मुकाट उठायची, गॅस बघून यायची, आणि ही आपली शिक्षा आहे असं धरून चालायची.

गिऱ्हाइकाची तक्रार, गंमत म्हणजे, जुनी भाजणी परत आणल्यावरही चालूच राहिली. शेवटी त्यांच्याच वायूत गंधक जास्त येत होतं असं निघालं. पण तोपर्यंत दादाचं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि वहिनीचं शिखर तर खाली आलंच होतं. त्याचा गंधकाशी संबंध नव्हता. त्यामुळे तिचं म्हणणं खोडायला कुणी गेलं नाही.

मधे बरीच वर्षं गेली. आई गेली, मुलं मोठी झाली, दादा गोदामातूनच निवृत्त झाला. मालकांच्या जागी त्यांची मुलगी आली. नवी विटी, नवं राज्य. वहिनीची नोकरी थोडी उरली होती.

तिच्या खोलीत एक नियम होता, तिनेच घातलेला. तपासणी संपली की आधी लेसर बंद करायचा, मग कुपी गरम असतानाच तिच्यातून हवा सोडायची, विषारी वायू पूर्ण धुऊन काढायचा आणि थंड झाल्यावरच झाकण उघडायचं. वायूने एकदा खोलीत काम करणाऱ्या एका बाईंना घेरी आली होती, तेव्हापासूनचा हा नियम. आणि दुसरा असा, की वापरलेली भुकटी पुन्हा प्रकाशाखाली ठेवायची नाही, ती टाकून द्यायची. दोन्ही नियम शहाणपणाचेच. त्या दिवशी हवेची टाकी संपली होती. नवी यायला उशीर होता, म्हणून वहिनीने नायट्रोजनने कुपी धुतली. वायू निघून गेला, कुपी थंड झाली, तिने झाकण उघडलं.

भुकटी काळी होती.

पिवळी भुकटी आत गेली होती, आणि इतकी वर्षं पिवळीच बाहेर आली होती. हवेने. गरम कुपीत हवा शिरली की भुकटीचं उसनं फिटायचं आणि ती पुन्हा पिवळी व्हायची. झाकणाआड, वायूत काम करत असताना ती काळी पडते, हे कुणी बघितलंच नव्हतं. बघायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी माझ्या दुकानात आली. मशीनपाशी बसली. मी वही-पेन्सिल बाजूला ठेवली. मग तिने माझ्या टेबलावरचा काळा कोट ओढला, शेजारचं पांढरं अस्तर ओढलं आणि दोन्ही मशीनच्या दिव्याखाली धरली.

"भाऊजी, या काळ्या कापडाआडची शिवण तुम्हाला दिसत नाही, पांढऱ्याआडची दिसते. दिवा एकच, दोरा तेवढाच. शिवण कमी झाली का?"

मी म्हणालो, शिवण कशी कमी होईल, काळं कापड प्रकाश गिळतं. आणि बोलता बोलता मला कळलं. काळी भुकटी जाणारा किरण वरच्यावर गिळते, त्यामुळे तो खोल जात नाही. आणि आतून जो थोडा परत निघतो तोही वाटेत गिळते. पडद्यावरचं शिखर खाली येतं. ऑक्साइड असतं तिथेच असतं. त्यातल्या अगदी थोड्याने प्राणवायू उसना दिला की सगळी भुकटी काळवंडते. दादाचा थर पातळ आणि सारखा, म्हणून तो वायूला लवकर देऊ शकत होता, म्हणून जास्त काळा पडत होता. तो नासत नव्हता, काम करत होता.

मी विचारलं, खात्री आहे का. हा प्रश्न तिला विचारायची माझ्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती. तिने सांगितलं की प्रत्येक लॉटची एक बाटली राखून ठेवलेली असते. दादाच्या त्या लॉटची भुकटी तिने काढली आणि तिच्यात बोरॉन नायट्राइडची पांढरी पूड कालवली. ही पूड उष्णतेला बधत नाही आणि वायूला भीक घालत नाही. तिचं स्वतःचं शिखर आहे, ते कमी व्हायचं काही कारणच नाही. तिला ती साक्षीदार म्हणत होती. वायू सोडल्यावर ऑक्साइडचं शिखर अर्ध्याखाली आलं, आणि साक्षीदाराचंही जवळजवळ तेवढंच आलं. मग हवा सोडली आणि नियम मोडून तीच भुकटी पुन्हा प्रकाशाखाली ठेवली. दोन्ही शिखरं होती तिथे परत चढली.

"तेव्हा एकदा, फक्त एकदा ती वापरलेली भुकटी मी परत ठेवली असती तर," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. वहिनीला रडताना मी आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. माझा इतक्या वर्षांचा राग त्या क्षणी कुठे ठेवावा हे मला कळेना. तो काढायची हीच वेळ होती, आणि काढावासा वाटला नाही.

ती म्हणाली, घरी सांगायचंय आणि मी सोबत यावं. मी दुकान बंद केलं. दादा बाहेरच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची वाट बघत बसला होता. रेडिओला नुसता तारेचा टाका हवा होता, हे मलाही दिसत होतं. वहिनीने उभ्यानेच सगळं सांगितलं, मला सांगितलं तसंच, एक शब्द कमी नाही. शेवटी म्हणाली, "माझं चुकलं. तुमची भट्टी बरोबर होती." दादाने ऐकून घेतलं. म्हणाला, बरं. मग उठून स्वयंपाकघरात गेला, गॅस बंद आहे का बघून आला, आणि पुन्हा म्हणाला, अगं, तूही बघ जरा.

मला वाटलं, संपलं. उशीर झाला.

वहिनीने तिथे सोडलं नाही. जशा बैठकीत तेव्हा बोलली होती तशाच बैठकीत पुन्हा उभी राहिली. मला नंतर तिथल्या एकाने सांगितलं, की मालकीणबाईंनी, झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला उकरता, असं मऊपणे सुचवलं. वहिनी म्हणाली की तिने जेवढ्या मोठ्याने आरोप केला तेवढ्याच मोठ्याने तो मागे घेणार आहे. भट्टीवरची माणसंही तिने बोलावून घेतली होती. सगळी नवी. तिने दादाचं नाव घेतलं तर त्यातला एक शेजाऱ्याला विचारू लागला, हे कोण. ज्या नावावरचा डाग धुऊन काढायला ती गेली, ते नावच तिथे उरलं नव्हतं. वहिनीने मग तो कोण होता हेही सांगितलं. झरोका, काटा, सावकाश चढवलेली भट्टी, सगळं. आणि मालकीणबाईंकडे एकच मागितलं, की त्याला तपासणीच्या खोलीत आणू द्यावं.

दादा यायला तयार नव्हता. मी त्याला जवळजवळ ओढत नेलं. वहिनीने लेसर बंद ठेवला होता, पेटीचं झाकण काढलं होतं, वायू खिडकीबाहेर जावा म्हणून कुपीला नळी जोडली होती आणि काचेच्या कुपीशेजारी एक साधा दिवा लावला होता. कुपीत त्याच लॉटची भुकटी, दादाने भाजलेली, लिंबासारखी पिवळी. तिने कुपी तापवली आणि वायू सोडला. भुकटी आधी मळकी झाली, मग हिरवट, मग काळी. दादा वाकला. झरोक्याला लावायचा तसा डोळा त्याने काचेजवळ नेला. वहिनीने वायू थांबवला, कुपी धुतली आणि हवा सोडली. काळा रंग कडेपासून विरत गेला आणि भुकटी पुन्हा पिवळी झाली.

"परत कर," दादा म्हणाला.

तिने परत केलं. काळी झाली, पिवळी झाली. तो पुन्हा म्हणाला, परत कर. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरलं. वहिनी टाकीची चावी फिरवत राहिली, थांबली नाही. शेवटी दादा सरळ उभा राहिला.

"म्हणजे भट्टी बरोबर होती."

ती म्हणाली, हो. मग तिने ते विचारलं, जे इतकी वर्षं घरात कुणी विचारलं नव्हतं, की त्याने तेव्हा भांडण का केलं नाही. एकदा तरी म्हणायचं होतं, की तुझं यंत्र चुकतंय.

दादा तिच्याकडे बघत राहिला. त्याला बहुधा प्रश्नच विचित्र वाटला. "तू कधी खोटं बोलत नाहीस," तो म्हणाला. "मग मीच चुकलो असणार. मला वाटायचं, माझ्या हाताला काहीतरी झालंय आणि ते फक्त मला कळत नाहीये."

म्हणजे तो तिच्यावर रागावलेलाच नव्हता. एक दिवसही नाही. त्याने तिच्यावरचा विश्वास जपला होता आणि त्याच्यासाठी स्वतःवरचा विकून टाकला होता. आम्ही सगळे त्याला रुसलेला समजत होतो. आत काय आहे ते बघायला झाकण उघडावं, हे माझ्या काही डोक्यात आलं नाही, आणि मी त्याचा सख्खा भाऊ. वहिनी तिथल्याच स्टुलावर बसली. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. शिक्षा होत असल्यासारखी ती इतकी वर्षं वागली होती, आणि ज्याला शिक्षा झाली तो माणूस निराळाच होता.

आम्ही तिघं चालतच घरी आलो. वाटेत दादाने एका दुकानाच्या काचेसमोर थांबून स्वतःचे हात बघितले, उलटे सुलटे करून, आणि खिशात घातले.

रात्रीचं जेवण झाल्यावर तो दूध तापवायला आत गेला. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. पातेल्याचा आवाज आला, मग गॅसच्या बटणाचा. तो बाहेर येऊन खुर्चीत बसला आणि रेडिओ मांडीवर घेऊन त्याचं मागचं झाकण उघडायला लागला. वहिनी सवयीने उठायला गेली. अर्धी उठली, थांबली, त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो काहीच म्हणाला नाही. मग ती खाली बसली.